‘टेन्शन घेऊ नको, होईल’ हे आलं कुठून?

मूल होत नसलेल्या बाईला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते हेच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण या सल्ल्याला खुद्द डॉक्टर लोकांनीच एके काळी खतपाणी घातलंय.

१९४०-५० च्या दशकात मनोविश्लेषणाचा (मनात दडलेल्या इच्छा-भीतीत आजाराचं मूळ शोधायच्या पद्धतीचा) जबरदस्त पगडा होता आणि तपासण्या मात्र तोकड्या, त्यामुळे कारण सापडलं नाही की ते बाईच्या मनात शोधायचं. १९५२ मध्ये थेरेस बेनेडेक या मनोविश्लेषक बाईंनी तर वंध्यत्व म्हणजे मनानेच उभारलेला बचाव असं मांडलं, म्हणजे आतून हिला आई होण्याची भीती वाटते म्हणून शरीर अडवतंय! आधीच रडकुंडीला आलेल्या बाईने हे ऐकून काय करायचं? पुढे लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी, आली, हार्मोनच्या टेस्ट सुधारल्या, आणि बंद नळ्या, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), पाळीच्या चक्रातले दोष असं बरंच काही दिसायला लागलं. नवऱ्यातही दोष असू शकतो हे तर माहीत होतंच, पण बोट पहिलं बाईकडेच.

खरी कलाटणी दिली ती बार्बरा मेनिंग यांनी. अमेरिकेतल्या नर्स, स्वतः याच त्रासातून गेलेल्या. १९७४ मध्ये त्यांनी ‘रिझॉल्व्ह’ ही संस्था काढली आणि सरळ सांगितलं की हे दुःख वंध्यत्वाचं कारण नाही, परिणाम आहे. यात शोक असतो, पण गेलेलं माणूस कुणाला दिसत नाही, भेटायला कुणी येत नाही, म्हणून तो मोजलाच जात नाही.

१९७८ ला लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी जन्मली, आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडायचा उपचार) आलं. आशा वाढली तशी टांगणीही वाढली, इंजेक्शनं, स्कॅन, मग रिझल्टची वाट आणि निगेटिव्ह आलं की परत पहिल्यापासून. ब्रिटनने १९९० च्या कायद्यातच अशा उपचारांआधी काउन्सेलिंगची संधी द्यायची अट घातली. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अॅलिस डोमार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या बायकांमधली चिंता-नैराश्याची पातळी कॅन्सरच्या पेशंटइतकी असते, तेव्हा कुठे ‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्यांची थोडी पंचाईत झाली.

आणि टेन्शनचं काय? २०११ मध्ये बोइविन या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ अभ्यास, ३,५८३ बायका असा डेटा एकत्र तपासला. उपचाराआधीचा मानसिक ताण आणि उपचाराच्या त्या फेरीत, म्हणजे सायकलमध्ये, दिवस राहणं-न राहणं यांचा संबंध सापडला नाही. म्हणजे सायकल फेल गेली तर ‘मीच फार विचार केला’ म्हणून स्वतःला कोसायला आधार नाही. (हे खरं तर पहिल्या अपॉइंटमेंटलाच सांगायला पाहिजे.)

२०१५ मध्ये युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेने गाइडलाइनच काढली की मानसिक आधार हे फक्त काउन्सेलरचं काम नाही, क्लिनिकमधल्या सगळ्या स्टाफचं आहे, आणि तो उपचाराआधी, उपचार चालू असताना आणि संपल्यावरही द्यायचा, मूल झालं नाही तरी.