वॉर्डातली शुगर आणि न हटणारा तक्ता

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांत मधुमेहाचा पेशंट भरती झाला की केसपेपरवर एक ओळ हमखास दिसते: शुगर इतकी आली तर इन्शुलिनचे इतके युनिट. हा स्लाइडिंग स्केलचा तक्ता जवळपास इन्शुलिनइतकाच जुना आहे.

इन्शुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते 1922 च्या जानेवारीत, टोरंटोत. पुढे 1934 मध्ये बोस्टनच्या एलियट जोस्लिन यांनी लघवीतली साखर पाहून डोस ठरवायची रीत मांडली. आपलं नागपूरचं मेडिकल कॉलेज 1947 साली सुरू झालं, तेव्हा खाटेजवळ रक्तातली शुगर मोजणारं यंत्र जगातच नव्हतं. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. हिरवा, पिवळा, केशरी, विटकरी असा रंग चढत गेला की साखर जास्त. पण रक्तातली शुगर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे उपचार कायम उशिरा! पुढे ग्लुकोमीटर आला, रंग जाऊन आकडे आले, तक्त्याचा स्वभाव मात्र तोच राहिला: आधी शुगर चढू द्यायची, मग तिच्यामागे धावायचं.

2001 मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या अभ्यासाने पारडं दुसऱ्या टोकाला नेलं. सर्जिकल आयसीयूत शुगर 80 ते 110 ठेवली तर मृत्यू कमी होतात, असं त्यात दिसलं, आणि जगभर तोच ध्यास लागला. 2009 च्या नाइस-शुगर चाचणीने तो उतरवला. सहा हजारांवर पेशंटांत कडक नियंत्रणाच्या गटातच मृत्यू जास्त निघाले आणि शुगर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण 0.5 वरून 6.8 टक्क्यांवर गेलं. तेव्हापासून बहुतेक गंभीर पेशंटांसाठी 140 ते 180 हे लक्ष्य मानलं जातं.

साध्या वॉर्डासाठी 2007 ची रॅबिट-2 चाचणी मला जास्त मोलाची वाटते. दिवसभर पुरणारं बेसल इन्शुलिन आणि जेवणागणिक छोटा डोस, म्हणजे बोलस, दिल्यावर 66 टक्के पेशंटांची शुगर 140 च्या आत आली. नुसत्या स्लाइडिंग स्केलवर 38 टक्क्यांची. तरीही तक्ता टिकला, कारण रात्रपाळीच्या सिस्टरला डॉक्टरांना उठवावं लागत नाही.

बेसल-बोलसची खरी अडचण जेवणाच्या वेळेची. इंजेक्शन दिलं आणि हिंगण्याहून येणारा घरचा डबा अडकला, तर शुगर घसरते. म्हणून पेशंट किती जेवेल याचा भरवसा नसेल, तर लिस्प्रोसारखं झटपट काम करणारं इन्शुलिन जेवण झाल्याबरोबर, खाल्लेलं पाहूनही देता येतं.