बोल्ट धरून ठेवणारी पांढरी भुकटी

जाम झालेला बोल्ट काढायला पान्याच्या दांड्याला पाइप लावून जोर द्यायची सवय कोल्हापूरला जुनीच. उद्यमनगरातल्या जुन्या ऑइल इंजिनांना ती चालूनही जायची, कारण बीडाचं (ओतीव लोखंडाचं) इंजिन आणि पोलादी बोल्ट ही एकाच घराण्यातली मंडळी. आजच्या मोटरसायकलच्या इंजिनाचं हेड (वरचं झाकण) आणि क्रँककेस (खालचा खोका) मात्र ॲल्युमिनियमचं असतं. बीडाची घनता 7.2 च्या आसपास, ॲल्युमिनियमची 2.7. वजन वाचतं, उष्णताही लवकर बाहेर पडते. पण बोल्ट अजून पोलादाचाच आहे, आणि भांडण तिथेच लागतं.

हे दोन धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली, की तिथे छोटी बॅटरी तयार होते. तिच्यात झिजतं ॲल्युमिनियम. पोलाद जवळपास शाबूत राहतं. म्हणून असा बोल्ट निघाल्यावर त्याच्या आट्यांत लाल गंजापेक्षा पांढरी भुकटीच जास्त दिसते. ती ॲल्युमिनियमची संयुगं. त्यातलं हायड्रॉक्साइड मूळ धातूच्या साधारण तिप्पट जागा मागतं, आणि बंद भोकात जागा कुठून येणार? ते बोल्टला चारी बाजूंनी आवळतं. गगनबावड्याकडचा पाऊस, आंबा घाट उतरून कोकणात केलेल्या फेऱ्या, 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्या: या बॅटरीला लागणारं पाणी आपल्याकडे भरपूर आहे.

मग पाइप लावला की डोकं उडतं. पीळ सोसायची बोल्टची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे एम6 (6 मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट एम8 च्या निम्म्याहून कमी जोरावर तुटतो. यात एक चांगली गोष्ट लपलेली आहे. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणातच जातो. डोकं तुटलं की ते घर्षण गेलं आणि बोल्टमधला ताणही गेला. भोकात उरलेल्या तुकड्याला आता धरून असते ती मुख्यतः भुकटी. लढाई तिच्याशी आहे, आणि ताकदीने ती जिंकता येत नाही.

उष्णतेने येते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. तापमान 100 अंशांनी वाढलं तर 8 मिलिमीटरचं भोक बोल्टपेक्षा सुमारे 0.009 मिलिमीटर जास्त मोठं होतं. केसाच्या जाडीचा आठवा हिस्सा म्हणा. पण भुकटीची पकड तडकायला आणि पातळ तेल आत झिरपायला एवढी फट पुरते. फक्त ज्योत लावून बसू नये. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, 660 अंशांना सरळ वितळतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, 200 अंशांच्या पुढे, कडक केलेलं कास्टिंग मऊ पडू लागतं. हीट गन बरी. पेट्रोलची टाकी आधी उतरवलेली असावी, हे सांगायला नको.

माझ्या मते सगळ्यात देखणा उपाय वेल्डिंगचा. तुकड्यावर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग मारायचं (गाडीच्या बॅटरीच्या वायरी आधी काढून). नट तुकड्याला जुळतो, पण बाजूच्या ॲल्युमिनियमला पोलाद धड धरत नाही, कारण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2072 अंशांपर्यंत वितळत नाही आणि दोन धातूंचं मिश्रण झालंच तर ते ठिसूळ होतं. शिवाय तुकडा आतून तापून फुगतो, भुकटी चिरडतो आणि निवल्यावर आकसतो. निवल्यावरच पाना लावावा, तोही थोडा मागे, थोडा पुढे, तेल सोडत.

ड्रिल मारायचं तर पंच अगदी मध्यावर पडला पाहिजे. जरा चुकला की ड्रिल पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये पळतं. डाव्या फेऱ्याचं, म्हणजे बोल्ट सुटतो त्या दिशेने फिरणारं, ड्रिल मिळालं तर तेच घ्यावं; कधी कधी भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. ईझी-आउट (तुकड्यात पाडलेल्या भोकात घालून उलटं फिरवायचं) हे हत्यार मात्र नावाइतकं सोपं नाही. ते निमुळतं असतं, त्यामुळे तुकड्याला आतून फुगवून आणखी घट्ट करतं. आणि आत मोडलं तर ते इतकं कठीण असतं की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घासतं. मग टूलरूममध्ये जाऊन स्पार्कने, म्हणजे ईडीएमने, ते जाळून काढावं लागतं.

घड्याळाचे कारागीर पितळेत अडकलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम द्रावणात विरघळवतात. इंजिनाच्या हेडसाठी एवढा धीर कुणाकडे नसतो.

तुकडा निघाल्यावर आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल बसवता येते. ही तारेची स्प्रिंग मूळ भोकापेक्षा मोठ्या व्यासात बसते, म्हणून ॲल्युमिनियमवरचा भार जास्त जागेत वाटला जातो. नवा बोल्ट झिंकचा मुलामा असलेला घ्यावा, चकचकीत स्टेनलेसचा मोह टाळावा. ॲल्युमिनियमशेजारी स्टेनलेस जास्त बाधतं. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावली तर टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, मॅन्युअलमधल्या कोरड्या आकड्यापेक्षा कमी ठेवावा. घर्षण घटल्यावर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो आणि नवे आटे उपटून येऊ शकतात.