‘वेअर’ आणि ‘नेसणे’: एका धातूची दोन घरं

कोरियन माणूस सदरा ‘इप्ता’, बूट ‘शिन्ता’, टोपी ‘स्सुदा’, अंगठी ‘क्किदा’ आणि मनगटी घड्याळ ‘छादा’ करतो. इंग्रजी शिकायला बसला की या सगळ्यांच्या जागी एकटं ‘वेअर’ येतं. इंग्रज तर अत्तर आणि दाढीही ‘वेअर’ करतो! साडी नेसणाऱ्या, शाल पांघरणाऱ्या आणि गजरा माळणाऱ्या आपल्याला त्याची अडचण लगेच कळेल.

त्याची खरी गोची पुढे आहे. कोरियन ‘इप्को इत्ता’ म्हणजे ‘घालतोय’ही आणि ‘घातलंय’ही. त्यामुळे बाहीत हात अडकलेला असताना तो ‘आय अॅम वेअरिंग’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत तिथे ‘पुटिंग ऑन’ हवं.

आता व्युत्पत्ती. ‘वेअर हा आपल्या वस्त्रावरून चोरलेला’ असे फॉरवर्ड फिरतात. चोरी नाही, भावकी आहे. दोन्ही शब्द एका लुप्त पूर्वज भाषेतल्या ‘वेस्’ धातूचे. पण मग ‘स’चा ‘र’ कसा झाला? इथेच खरी मजा आहे. त्या धातूच्या प्रयोजक (‘नेसवणे’सारख्या) रूपात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ‘स’च्या आधी नव्हता, नंतर होता. वैदिक ‘वासयति’त स्वर (म्हणजे हाच आघात) आजही ‘स’वरच पडतो. जर्मानिक (इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या) भाषांत अशा, आघातामागून न येणाऱ्या ‘स’चा घोष ‘झ’ (इंग्रजी झेडचा) झाला आणि इंग्रजीपर्यंत येताना त्या ‘झ’चा ‘र’. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर यांनी 1877 मध्ये हा आघाताचा नियम मांडला, तोही वैदिक स्वरांच्या आधाराने. ‘वॉज’चं अनेकवचन ‘वर’ होतं, तेही याच खोडीमुळे.

आपलं ‘नेसणे’ही याच धातूचं, ‘नि’ उपसर्ग लागून आलेलं. पालीतला भिक्खू कमरेचं चीवर ‘निवासेति’, म्हणजे नेसतो. ‘घालणे’चा मात्र या घराण्याशी काही संबंध नाही.

कोरियनचाही नाही. तिकडे बापाला ‘आप्पा’ म्हणतात म्हणून आपल्याशी नातं जोडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. बाळाच्या तोंडी ओठांचे आवाज लवकर येतात, म्हणून असे शब्द नातं नसतानाही जुळतात.

राहिलं ‘वोर, वॉर्न’. जुन्या इंग्रजीत हे साधं, शेपटीला प्रत्यय लावणारं क्रियापद होतं. पुढे ‘टेअर, टोर, टॉर्न’च्या नादाला लागून बिघडलं. आणि अंगावर वापरून वापरून कापड विरतं, म्हणून ‘वॉर्न’ म्हणजे झिजलेलंही. बुटाची टाच झिजली तर कोरियन माणूस ‘शिन्ता’ सोडून ‘दाल्था’ हे वेगळंच क्रियापद काढतो.