कॅम्परच्या छतावरचा एसी आणि सिलिकॉनचा सल्ला

अमेरिकेत कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो: ‘छतावरच्या एसीतून आत पाणी टपकलं, की वर जाऊन युनिटच्या कडेनं सिलिकॉन भरा.’

सल्ला पटण्यासारखाच आहे. गळकं छत आपण असंच बुजवतो. पण या एसीचं पाणी मुळात छतावरच सांडायचं असतं. थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते, ते पाणी तळातल्या ट्रेमध्ये उतरतं आणि भोकांतून छतावर वाहून जातं. कडा बुजवल्या तर ते युनिटखालीच तुंबतं आणि आत शिरायला वाट शोधतं. आत येणारं पाणी अडवतं ते एसीसाठी छतात कापलेल्या साधारण १४ इंची चौकोनी भोकाभोवतीचं फोमचं गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी), आतल्या बोल्टांनी दाबून बसवलेलं.

पाऊस नसलेल्या दमट दिवशी गाडी समतल उभी करून एसी चालवा. तेव्हा टपकलं, तर आधी ट्रेची भोकं बघा (वीज बंद करून). पानं, धूळ, कधी गांधीलमाशीचं घरटंही निघतं. एसी बंद असताना फक्त पावसात गळत असेल, तर संशय गॅस्केटवर. बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा, करकचून नको. फोम पार चपटा झाला असेल, तर नवं गॅस्केटच घालावं लागतं.