अंगुस्तानाच्या खुणा

हस्तलिखितात काही ठिकाणी मजकूर बदलायचा होता. लिहिणाऱ्या व्यक्तीने नवी वाक्यं कागदाच्या पट्टीवर लिहिली, छोट्या कात्रीने पट्टी कापली आणि जुन्या ओळींवर डकवली. पट्टी नीट बसावी म्हणून वरून दाबली. दाबताना बोटात अंगुस्तान होतं, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते. त्याचे ठसे आजही दिसतात.

हे हस्तलिखित 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी विकत घेतलं. पहिल्या पानावर नाव होतं हॅना क्राफ्ट्स, ‘नॉर्थ कॅरोलायनातून नुकतीच पळून आलेली गुलाम’. आत स्वतःच्या आयुष्यावर बेतलेली कादंबरी. पण ही हॅना खरोखर होती का? गुलामांच्या नावावर गोऱ्या लेखकांनी लिहिलेली पुस्तकं त्या काळी निघत, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. तरी अशा संशयाने अन्यायही केला आहे. गुलामीतून सुटलेल्या हॅरिएट जेकब्स यांच्या 1861 च्या आत्मकथनाचं श्रेय अनेक वर्षं त्यांच्या गोऱ्या संपादक लिडिया मारिया चाइल्ड यांना दिलं जात होतं. जेकब्स यांनी मैत्रिणीला लिहिलेली पत्रं तपासून अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी 1981 मध्ये ते खोडून काढलं.

हॅनाच्या बाबतीत अशी पत्रं हाताशी नव्हती. होती ती फक्त तीनशेएक पानं.

गेट्स यांनी ती कागदपत्रांचे तज्ज्ञ जो निकेल यांच्याकडे दिली. शाई होती मायफळाची. मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की द्रावण फिकट दिसतं, पण कागदावर हवा लागली की काळं होतं आणि कित्येक वर्षांनी तपकिरी पडतं. (आपल्या जुन्या पोथ्यांमधली काजळाची शाई अशी तपकिरी पडत नाही, कारण काजळ म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन.) ही शाई पुढेही बरीच वर्षं वापरात राहिली, म्हणून एकट्या शाईवरून काळ ठरत नाही. पण लेखणी पिसाची होती. मॅसॅच्युसेट्सच्या एका कागद गिरणीचा दाबून उमटवलेला शिक्का कागदावर होता. 1855 मध्ये फिलाडेल्फियात जॉन हिल व्हीलर या मुत्सद्द्याच्या ताब्यातून जेन जॉन्सन ही गुलाम स्त्री सुटली, तिचा उल्लेख मजकुरात येतो. 1861 मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धाचा मात्र मागमूस नाही. हे सगळं जुळवलं की लेखनाचा काळ 1855 ते 1861 असा ठरतो.

काळ कळला, माणूस नाही. मला इथे सगळ्यात मोलाचा पुरावा वाटतो तो सूक्ष्मदर्शकातला नाही. हे बाड आधी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांच्याकडे होतं. त्यांनी ते 1948 मध्ये घेतलं होतं. त्यांच्या लक्षात आलं, की लेखिका काळ्या पात्रांची ओळख आधी माणूस म्हणून करून देते, ती काळी आहेत हे ओघात नंतर कळतं. त्या काळचे गोरे लेखक तसं लिहीत नसत. एका वाचणाऱ्या बाईने निव्वळ लक्ष देऊन वाचून हे टिपलं, गेट्स यांच्या लिलावाच्या अर्धशतक आधी.

लेखिका त्याच व्हीलरच्या घरची गुलाम असावी, असं दिसत होतं. पुढे इंग्रजीचे प्राध्यापक ग्रेग हेसिमोविच यांनी मृत्युपत्रं, रोजनिश्या आणि सरकारी नोंदी चाळून व्हीलर कुटुंबातल्या गुलाम स्त्रियांपैकी एकेकीला वगळलं. 2013 मध्ये त्यांनी नाव जाहीर केलं: हॅना बॉण्ड. 1857 च्या सुमारास पुरुषाच्या वेषात ती पळाली आणि न्यूयॉर्क राज्यात क्राफ्ट नावाच्या शेतकऱ्याकडे आसऱ्याला राहिली. आडनाव बहुधा तिथलंच. पुढे न्यू जर्सीत ती शिक्षिका झाली. नॉर्थ कॅरोलायनात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं 1830 च्या कायद्याने गुन्हा होता. तरी तिच्या पानांत डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’ची वाक्यं उतरली आहेत. व्हीलरांच्या घरी शाळकरी मुली राहायला असत, त्यांच्या पाठांतरातून तिच्या कानावर ती पडली असावीत, असं हेसिमोविच यांना वाटतं.

मालकाचं नाव तिने आधी पूर्ण लिहिलं नव्हतं. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं, मध्ये फक्त रेघ. नंतर कधीतरी त्याच पानांवर परत येऊन तिने मधली अक्षरं भरली: व्हीलर.