एकच हिशोब, पाच कॉम्प्युटर : दुकानातला डेटाबेस सगळ्यांनी मिळून कसा वापरायचा

ज्यांच्या दुकानात, दवाखान्यात किंवा ऑफिसात एकाहून जास्त कॉम्प्युटरवर एकच बिलिंगचं किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर चालतं, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. दादर, परळ, लोहार चाळ, मशीद बंदर या भागांत आम्ही हीच जोडणी करून देतो. आम्हाला येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "मेन मशीनवर चालतंय, पण आतल्या मशीनवर उघडत नाही." आपल्या धंद्याची नोंद (म्हणजेच डेटाबेस) कुठे बसते आणि तिथपर्यंत काउंटरवरचा कॉम्प्युटर कसा पोचतो, हे मालकाला स्वतःला माहीत असलं की यातले बरेच फोन करावेच लागत नाहीत. शिवाय जे करावे लागतात, त्यांतही तुमचं गिऱ्हाईक फार वेळ ताटकळत नाही.

फाइल शेअर केली म्हणजे डेटाबेस शेअर झाला, असं नाही

अनेक ठिकाणी आम्हाला अशी मांडणी दिसते : पुढच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर केलेलं, त्यात सॉफ्टवेअरची डेटा फाइल, आणि बाकीच्या मशीनवर तेच फोल्डर 'झेड ड्राइव्ह' म्हणून दिसतं. बहुतेक वेळा ही फाइल मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची किंवा तशाच जातीची असते. दोन मशीन असताना हे छान चालतं. तिसरं, चौथं आलं की सॉफ्टवेअर जड होतं, आणि एक दिवस फाइल उघडतच नाही.

असं का होतं, ते समजून घ्या. या मांडणीत डेटावर लक्ष ठेवणारं कोणीच नसतं. प्रत्येक काउंटर स्वतः केबलवरून त्या फाइलीत हात घालतो, हवा तो भाग आपल्याकडे ओढतो, बदलतो आणि परत लिहितो. कोण काय लिहितंय याची नोंद शेजारच्या एका छोट्या लॉक फाइलीत होते, एवढाच काय तो बंदोबस्त. लिहिता लिहिता केबल हलली किंवा वायफाय क्षणभर गेलं, तर फाइलीचा एक भाग नवा आणि दुसरा जुना राहतो, म्हणजेच फाइल बिघडते. त्यातून अ‍ॅक्सेसच्या फाइलीला 2 जीबीची मर्यादा आहे, आणि विंडोज 10 किंवा 11 च्या साध्या पीसीवरचं शेअर फोल्डर एका वेळी 20 जोडण्यांपुरतंच उघडतं.

डेटाबेस सर्व्हरची गोष्ट वेगळी. पतपेढीत आपण काउंटरपाशी उभे राहतो, स्लिप देतो. तिजोरीला हात लावतो तो तिथला माणूस. सर्व्हर म्हणजे तो माणूस. काउंटरवरचं सॉफ्टवेअर फक्त मागणी पाठवतं, "अमुक गिऱ्हाइकाची येणी बाकी सांग", "हे बिल नोंदव", आणि सर्व्हर उत्तर देतो. फाइल त्याच्या एकट्याच्या ताब्यात असते. केबल निघाली तर त्या काउंटरचं काम थांबेल, पण डेटाला धक्का लागणार नाही.

दोन मशीन असतील, दोन्हींना केबल असेल आणि रोजचा बॅकअप होत असेल, तर जुनी मांडणी उद्याच मोडा असं आम्ही म्हणणार नाही. तीन किंवा त्याहून जास्त मशीन असतील, किंवा त्यातलं एकही वायफायवर असेल, तर मात्र सर्व्हरकडे वळाच. हे आमचं ठाम मत आहे.

शेवटचा पंखा

विजेच्या सामानाचं एक दुकान धरा. एका जातीच्या पंख्याचा शेवटचा नग उरला आहे. दोन काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी आहेत आणि दोघांनाही तोच पंखा हवा आहे. दोन्ही स्क्रीनवर शिल्लक 1 दिसते, दोन्हीकडे बिल होतं, आणि माळ्यावर गेलेला मुलगा एकच खोका घेऊन खाली येतो. पुढचा वाद तुम्हाला सांगायला नको.

सर्व्हरवर असं होण्याचं कारण नाही. पहिल्या काउंटरने शिल्लक कमी करायला घेतली की सर्व्हर ती ओळ अडवून धरतो. दुसरा काउंटर क्षणभर थांबतो, आणि त्याची पाळी येते तेव्हा शिल्लक 0 झालेली असते. फक्त सॉफ्टवेअरने शिल्लक तपासणं आणि कमी करणं ही दोन्ही कामं एकाच व्यवहारात करायला हवीत. सर्व्हर घेतला म्हणून वाईट लिहिलेलं सॉफ्टवेअर चांगलं होत नाही. म्हणून जोडणी झाली की आम्ही तुमच्यासमोर दोन मशीनवर एकाच वेळी एकाच नगाचं बिल करून दाखवतो. आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलंत, तरी ही चाचणी मागून घ्या.

लाइट जाते तेव्हाही हाच व्यवहार कामाला येतो. एका बिलात बिलाचा मथळा, सात ओळी माल, स्टॉकमधली घट आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावरची रक्कम अशा बऱ्याच नोंदी असतात. सर्व्हर बदल आधी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहितो. मध्येच लाइट गेली, तर पुन्हा चालू झाल्यावर तो लॉग वाचतो, पूर्ण झालेलं बिल ठेवतो आणि अर्धवट राहिलेलं सगळं मागे घेतो. बिल आहे पण स्टॉक उतरलेला नाही, असा घोळ राहत नाही.

पत्ता, दार आणि किल्ली

काउंटरवरच्या सॉफ्टवेअरला सर्व्हरपर्यंत पोचायला तीन गोष्टी लागतात : सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, आणि लॉगिन. बहुतेक तक्रारी या तिघांपैकी एकीत सापडतात.

सगळ्यात जास्त त्रास पत्ता देतो. एका सोमवारी सकाळी दहाला परळच्या एका ग्राहकाचा फोन आला : चारही काउंटर बंद, सर्व्हर मात्र व्यवस्थित. शनिवारपर्यंत सगळं चालू होतं. आम्ही जाऊन पाहिलं, तर रविवारी इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन राउटर बदलून गेला होता. जुना राउटर 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वाटायचा, नवा 192.168.0 ने सुरू होणारे वाटत होता. सर्व्हरला पत्ता हाताने दिलेला असल्यामुळे तो आपल्या जुन्या पत्त्यावर बसून होता आणि काउंटर नव्या वस्तीत राहायला गेले होते. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली, पण तोवर पाऊण तास हाताने बिलं फाडावी लागली. तेव्हापासून आम्ही दुकानाच्या नेटवर्कसाठी एक छोटा राउटर वेगळा लावतो. इंटरनेटवाल्याचं खोकं त्याच्या पलीकडे राहतं. त्यांनी ते दहा वेळा बदललं तरी तुमच्या आतल्या पत्त्यांना धक्का लागत नाही.

आता पोर्ट, म्हणजे दार. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर सहसा 1433 या पोर्टवर ऐकतो, मायएसक्यूएल 3306 वर, पोस्टग्रेसक्यूएल 5432 वर. गोंधळ इथे होतो : एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती टाकली की तिच्यात टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून बोलण्याची सोय) बंदच असतं, आणि पोस्टग्रेसक्यूएल सुरुवातीला फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. म्हणून "सर्व्हरवर चालतं, दुसरीकडे नाही" हा अनुभव पहिल्याच दिवशी येतो. हा बिघाड नाही. बाहेरचं दार बंद ठेवूनच वस्तू हाती देण्याची ती पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. दार आपण जाणूनबुजून उघडायचं. एक्सप्रेसला इन्स्टॉल करताना वेगळं नाव दिलेलं असेल तर त्याचं पोर्टही दर वेळी बदलू शकतं आणि ते शोधायला 1434 वरची ब्राउझर सेवा लागते. आम्ही पोर्ट एकच ठरवून टाकतो, म्हणजे ही शोधाशोध नको.

आणि कृपा करून फायरवॉल पूर्ण बंद करू नका. "फायरवॉल ऑफ केला की चालतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चालतं खरं, पण भिंतीत दार पाडायचं सोडून भिंतच पाडल्यासारखं होतं ते. लागतं ते एकच पोर्ट, तेही फक्त आतल्या नेटवर्कसाठी उघडायचं. राउटर बदलल्यावर विंडोज कधी कधी तुमच्या नेटवर्कला 'पब्लिक' समजायला लागतं आणि उघडलेलं दार आपोआप बंद होतं. आधी ते तपासा.

लॉगिनबद्दल एकच विनंती. 'एसए' हे मालकी हक्काचं खातं काउंटरवर वापरू नका. बिल करणाऱ्या मुलाला बिलापुरतं, तुमच्या सीएच्या माणसाला फक्त वाचण्यापुरतं, असं प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. कोणी नोकरी सोडली तर एक खातं बंद केलं की झालं. सगळ्यांचे पासवर्ड बदलत बसायला नको.

थोडं तांत्रिक, पण तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवा : जुनं 32 बिटचं सॉफ्टवेअर 64 बिटच्या विंडोजवर असेल, तर ओडीबीसीची (सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांच्यातल्या दुव्याची) जोडणी 32 बिटच्या खिडकीतच करावी लागते. ही खिडकी 'सिसवाऊ64' नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि 64 बिटची 'सिस्टम32' मध्ये. नावं अगदी उलटी आहेत, म्हणून चांगली माणसंही तासभर अडकतात.

केबल, पोटमाळा आणि पाणी

मुंबईच्या गाळ्यांत केबल पोटमाळ्यावरून जाते आणि तिथे उंदीर असतात. केबल पाइपातूनच न्या, आणि विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपात घालू नका. कॅट 6 केबल घ्या. एका तुकड्याची लांबी 100 मीटरच्या आत हवी, पण दुकानात तेवढी लागत नाहीच.

यूपीएस सर्व्हरला सगळेच लावतात आणि नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडलेल्या असतात ते खोकं, विसरतात. मग लाइट गेली की सर्व्हर चालू, काउंटर इन्व्हर्टरवर चालू, आणि मधला स्विच बंद! 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तसा दिवस रोज येत नाही. पण पाच मिनिटांचे झटके येतातच. स्विचची तार त्याच यूपीएसला जोडा.

तळमजल्याचं दुकान असेल तर सर्व्हर जमिनीवर ठेवू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. हिंदमाता किंवा सायनच्या सखल भागात दुकान असणाऱ्यांना तर एवढ्या पावसाचीही गरज नाही. निदान छातीएवढ्या उंचीची फळी करून घ्या.

गोडाऊन भिवंडीला असेल तर

दुकान दादरला, माल भिवंडीला, आणि दोघांना एकच स्टॉक दिसायला हवा, ही मागणी हल्ली सारखी येते. सोपा वाटणारा उपाय म्हणजे राउटरमधून 1433 पोर्ट इंटरनेटला उघडून देणं. हे कधीही करू नका आणि कोणाला करू देऊ नका. अशी उघडी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. आपलं छोटं दुकान कोण बघतंय, हा विचार इथे लागू होत नाही, कारण ते दुकान बघत नाहीत, पोर्ट बघतात. रिमोट डेस्कटॉपच्या, म्हणजे दूरवरून मशीनची स्क्रीन वापरायच्या सोयीच्या, 3389 पोर्टाचंही तेच. दोन जागांमध्ये आधी व्हीपीएन (इंटरनेटमधूनच जाणारा, फक्त आपल्यापुरता बंदिस्त रस्ता) बांधायचं आणि त्याच्या आतूनच जायचं.

दुसरी अडचण वेगाची आहे. दुकानातल्या केबलवर एका मागणीचं उत्तर एक मिलिसेकंदाच्याही आत येतं. इंटरनेटवरून तेच 30 मिलिसेकंद घेतं असं धरा. सॉफ्टवेअरची एक स्क्रीन उघडायला 200 मागण्या जात असतील, तर नुसत्या ये-जा करण्यात 6 सेकंद गेले. जास्त वेगाचा प्लॅन घेऊन हे सुटत नाही, कारण अडचण रस्त्याच्या रुंदीची नाही, खेपांची आहे. अशा वेळी सॉफ्टवेअर दादरच्याच मशीनवर चालू ठेवून भिवंडीहून, व्हीपीएनमधून, त्याची फक्त स्क्रीन वापरणं बरं पडतं.

बॅकअप

चालू सर्व्हरच्या डेटा फाइली नुसत्या पेन ड्राइव्हवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरकडूनच बॅकअप काढून घ्यावा लागतो. एक्सप्रेस आवृत्तीत ठरलेल्या वेळी काम करणारा एजंट नसतो, म्हणून आम्ही विंडोजच्या टास्क शेड्युलरने रोज रात्री दुकान बंद झाल्यावर बॅकअप लावतो. एक प्रत सर्व्हरबाहेरच्या डिस्कवर, एक दुकानाबाहेर. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून, कालचं शेवटचं बिल त्यात दिसतं का ते तुम्हाला दाखवतो. न उघडलेल्या बॅकअपवर आमचा भरवसा नाही.

तुमची संस्था कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो, आणि 1 एप्रिल 2023 पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणारी, बंद न करता येणारी सोय लागते. सीएंना विचारून घ्या.

जागेकडेही लक्ष ठेवा. एक्सप्रेसच्या 2022 पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे, 2025 च्या आवृत्तीत ती 50 झाली. नुसत्या बिलांनी 10 जीबी भरायला वर्षं लागतात. पण खरेदीच्या बिलांचे फोटो डेटाबेसमध्येच ठेवले तर मर्यादा लवकर गाठते, आणि मग ऐन मार्चअखेरीला नवी नोंद होत नाही. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पोस्टग्रेसक्यूएलला अशी मर्यादा नाही आणि तोही फुकट आहे. तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालत असेल तर आम्ही तोच सुचवतो.

आम्हाला फोन करण्याआधी

अडचण एकाच मशीनवर आहे की सगळ्यांवर, ते पाहा. एकावर असेल तर त्याची केबल काढून पुन्हा बसवा आणि मागचा दिवा लागतो का बघा. सगळ्यांवर असेल तर सर्व्हर आणि स्विच चालू आहेत का, आणि कालपासून कोणी राउटर, अँटिव्हायरस किंवा पासवर्ड बदलला का, ते विचारा. स्क्रीनवरचा संदेश बंद करण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यातला आकडा फार उपयोगी असतो : 18456 असेल तर सर्व्हर सापडला आहे पण लॉगिन चुकतंय, 26 असेल तर मुळात सर्व्हरच सापडलेला नाही. तो फोटो आम्हाला पाठवलात, तर बऱ्याचदा आम्ही दुकानात न येताच काम फोनवर होतं.