नऊची शाळा आणि सहाची वस्तीची गाडी: कोकणातल्या मुलांच्या तब्येतीची पार्श्वभूमी

पालकसभेत मुलांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की गाडी लगेच मोबाइलवर जाते. मोबाइल आहेच कारणात, नाही कोण म्हणतंय. पण आपल्याकडे मुलाची तब्येत म्हणजे नक्की काय बघायचं हे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कसं ठरत गेलं ते बघितलं तर लहान वर्ग नऊच्या आधी भरवू नका या निर्णयावरून झालेला आजचा गोंधळ जरा कळतो.

फार मागचं थोडक्यात. बाप मुंबईला चाकरमानी, मनीऑर्डर यायची, पोरं आई-आजीच्या हाताखाली. तब्येत म्हणजे जंत, खरूज, ताप आणि "अंगाला लागत नाही". मनाचं काही असलं तर पोर हट्टी, नाहीतर घाबरट, फारच झालं तर दृष्ट काढायची नाहीतर देवाला गाऱ्हाणं घालायचं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, त्यामुळे डॉक्टरला दाखवू म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच यायचं आणि विषय तिथेच मिटायचा.

मग सरकारी योजना आल्या आणि सगळ्या शरीराच्या आल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना देशात सुरू झाली आणि हळूहळू वाड्या-वाड्यांत पोचली. आढ्याला टांगलेला काटा, त्याच्या झोळीत लाथा झाडणारं पोर आणि ताईंच्या रजिस्टरमधला हिरवा-पिवळा-लाल तक्ता, हे दृश्य कोणाला सांगायला नको. १९९२-९३ मध्ये जव्हार-मोखाड्यात कुपोषणाने मुलं गेली तेव्हा या तक्त्यांना एकदम वजन आलं. १९९५ ला शाळेत पोषण आहार, २००१ मध्ये कोर्टाने शिजवलेलंच अन्न द्या म्हणून सांगितलं, २०१३ च्या फेब्रुवारीत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची योजना देशात सुरू झाली तीही आपल्याच पालघरमधून. चांगलं काम झालं, यात वाद नाही. पण मुलाला झोप लागते का, शाळेत जायच्या नावाने पोटात दुखतं का, याचा रकाना आम्हा पालकांच्या डोक्यातसुद्धा नव्हता.

मनाचा विषय आला तो निकालाच्या दारातून. कोकण बोर्ड वेगळं झालं आणि २०१२ पासून दहावीत कोकण पहिलं, दरवर्षी पहिलं, २०२४ ला तर ९९.०१ टक्के. अभिमान आहेच! पण नव्याण्णव पास होतात तिथे जो एक राहतो त्याच्या घरी काय होतं ते बातमीत येत नाही, आणि सत्तर टक्केवाल्याचं तोंडही त्या दिवशी पडलेलंच असतं. कायद्याने शाळेत मारणं आणि मानसिक छळ २०१० पासूनच बंद. घरातल्या टोमण्यांना कुठला कायदा लागणार? त्यानंतर लॉकडाऊन, त्यातच जून २०२० चं निसर्ग वादळ, जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. रात्रीत घरात पाणी शिरलेलं बघितलेली मुलं पुढे जोराचा पाऊस लागला की झोपायला घाबरायची, तेव्हा कुठे लोक "काउन्सेलर" हा शब्द उघडपणे बोलायला लागले.

आता त्या नऊच्या निर्णयाबद्दल, कारण खरा घोळ तिथे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी जाहीर बोलून दाखवलं की मुलांची झोप होत नाही, शाळेच्या वेळा बदला. फेब्रुवारी २०२४ मध्ये परिपत्रक निघालं: पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या व्यवस्थापनाच्या शाळांना लागू. लगेच बोंब सुरू. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा म्हणाल्या खोल्या कुठून आणू, स्कूलबसवाले म्हणाले ट्रॅफिकमध्ये अडकू, नोकरी करणारे आईबाप म्हणाले आम्ही आठला बाहेर पडतो, पोराला सोडणार कोण.

गंमत अशी की आपल्याकडच्या झेडपीच्या शाळा शनिवार आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा सोडली तर आधीपासून दहा-साडेदहाच्याच. म्हणजे कोकणात हा निर्णय मुख्यतः शहरातल्या, त्यातही इंग्रजी माध्यमाच्या शाळांपुरता उरला. आणि माझं स्पष्ट मत, वय चुकलं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते हे खरं, पण त्याला लवकर झोपवता तरी येतं. वयात येणाऱ्या मुलाला ते जमतच नाही, झोप आणणारं मेलाटोनिन त्या वयात रात्री उशिरा सुटायला लागतं, तो आळस नाही, शरीरच तसं चालतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी शाळा नको म्हटलं ते याच मोठ्या मुलांसाठी. आपण त्यांना सोडून चौथीपर्यंतच्यांना धरलं.

आणि मोठ्यांचं कोकणातलं गणित बघा. हायस्कूल किंवा ज्युनियर कॉलेज तालुक्याला, सकाळचं सत्र, गाडी एकच, रात्री वस्तीला आलेली एसटी पहाटे सहाला सुटते. ती चुकली तर पुढची साडेनऊला, म्हणजे पहिले तास गेले. सहाची गाडी म्हणजे पाचला उठणं, आठ तास पाहिजेत तर नऊला आडवं व्हायला पाहिजे, आणि नऊला तर घरात ताटं मांडलेली असतात, पुढे सिरीयल, होमवर्क, मग तो मोबाइल. पहाटे घशाखाली पेज उतरत नाही, पोरगी चहा-बिस्किटावर निघते, अकराला चक्कर येते आणि आम्ही म्हणतो रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या. गोळ्या द्याच, पण किती वाजता झोपली तेही विचारा. (पूर्वी आम्ही रात्रभर दशावतार बघायचो असं कोणीतरी म्हणतंच. ते जत्रेपुरतं होतं हो, रोज नव्हतं.)

ऑक्टोबर २०२२ पासून मनाच्या त्रासाबद्दल बोलायला १४४१६ (टेलि-मानस) हा सरकारचा चोवीस तासांचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं, मुलासाठी पालकांनी फोन केला तरी चालतो. झोपेचं मात्र फोनवर सुटणारं नाही. आठवीपर्यंतच्या सरकारी-अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असलेच पाहिजेत असं कायदा सांगतो, पण बैठकीत अजून छपराची गळती आणि खिचडीचा तांदूळच निघतो. वेळेचा विषय काढायचा असेल तर तिथे काढा, आणि ठरावाची एक प्रत एसटी डेपोलाही द्या, कारण शाळा अर्धा तास पुढे गेली आणि गाडी सहालाच सुटली तर पोरं तो अर्धा तास स्टँडवर बसून काढणार.